तिसरी पायरी

आमच्या ओट्याला पाच पायऱ्या होत्या. काळ्या घडीव दगडाच्या. बसवणाऱ्या गवंड्याने चौथी पायरी बोटभर उंच ठेवली होती, त्यामुळे नवखा माणूस तिथे हमखास ठेचकाळायचा. वडिलांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं, म्हणून आम्ही भावंडंही जिभाऊच म्हणायचो. पाहुणा अडखळला की जिभाऊ ओट्यावरून हसत म्हणायचे, "या, या. आम्हनं घर पाहुनाले आदी वाकाडस." या पायऱ्यांवर बसून मी हरभऱ्याचे घाटे सोलले, पाढे पाठ केले, आणि एकदा धाकट्या भावाला चापट मारून पळताना पाचवीवरून थेट अंगणात पडून पुढचा दात घालवला. पण आता या वयात ओटा आठवला की माझं मन चौथीवर अडखळत नाही, तिसरीवर अडखळतं. त्या पायरीविषयी मी पंधराव्या वर्षी एक वाक्य बोलले होते. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आणि शिक्षिका म्हणून सगळी नोकरी "नेहमी खरे बोलावे" असं फळ्यावर लिहिण्यात घालवली.

मागच्या पावसाळ्याआधी इथे धुळ्यात आमच्या कॉलनीत पावसाच्या पाण्याची गटार करायची म्हणून एक तरुण इंजिनिअर दारोदार फिरत होता. हातात वही, मागे पट्टी धरलेला माणूस. मला म्हणाला, "आजी, पाणी कुठवर येतं तुमच्याकडे?" मी फाटकाशी वाकून बोट लावून जागा दाखवली. मग वाटलं बोट जरा खाली लागलं, म्हणून पुन्हा दाखवली. मग मुलीला हाक मारून तिच्याकडून खात्री करून घेतली. तो हसून म्हणाला, "इतकं बारीक नको हो आजी, अंदाजे सांगा." मी त्या पोरावर अशी काही चिडले की विचारू नका. "अंदाजे कशाला? दाखवते ना, तेवढंच लिही!" बिचारा निमूट लिहून गेला. मुलगी म्हणाली, आई, तुला झालंय तरी काय? तिला काय सांगणार? तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळत होतं.

आमचं गाव तापीकाठचं, गुजर पाटलांचं. खाली केळी, वर कापूस, मधे दादर ज्वारी. तापीने आम्हाला थेट कधी छळलं नाही, ती खोल दरडीतून वाहायची. छळायचा तो गावालगतचा नाला. एरवी त्यात बकऱ्यांना पुरेल एवढंही पाणी नसे. पण वरच्या अंगाला डोंगरात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी तापी भरलेली असली, की नाल्याच्या पाण्याला नदीत शिरायला वाव उरत नसे. मग ते तुंबून मागे फिरायचं आणि खालच्या गल्लीतून गावात चढायचं. खालच्या गल्लीत हुसेन पिंजाऱ्याचं घर, दोन कुंभारांची घरं आणि पलीकडे भिलांची वस्ती. तिथून वर चढलं की पहिलं घर आमचं, आणि आमच्या मागे बाकीचं गाव.

मी तिसरीत असताना असं पाणी आलं होतं, ते मला सबंध आठवतं. ते घाईने आलं नाही. एक पायरी बुडायला चांगला वेळ लागायचा, आणि मी दारात बसून मोजत होते. म्हणूनच माणसांना हातपाय हलवता आले. मायने दादरची पोती माळ्यावर चढवून घेतली, लोणच्याच्या बरण्या घेतल्या. खालून हुसेनचाचा, त्याची म्हातारी आई, जैनबचाची आणि तिच्या कडेवरचा युनूस असे भिजून आले. चाचाच्या खांद्यावर त्याची पिंजण होती, कापूस पिंजायची ती पुरुषभर उंचीची कमान. जिभाऊंनी त्यांनाही माळ्यावर घेतलं. तिथे आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. मला हुडहुडी भरली, तर जैनबचाचीने स्वतःच्या अंगावरची गोधडी काढून माझ्यावर टाकली. गोधडीला धुराचा आणि सरकीचा वास येत होता. माळ्यावरून खाली पाहिलं तर मधल्या घरात लाकडी पाट तरंगत होते आणि पाणी देवाच्या कोनाड्याच्या काठाला लागलं होतं. दुपार कलताना ते उतरलं. भिंतीवर कोनाड्याच्या काठाशी एक तपकिरी रेघ राहिली.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लग्न ठरवताना मुलीचा बाप आधी मुलाचं घर पाहायला यायचा. विहीर पाही, गोठा पाही, धान्याचं पेव पाही, आणि बोलता बोलता भिंतींवरून नजर फिरवी. भिंतीवर पुराची रेघ दिसली की तो सुपारी न फोडता उठायचा. पाण्याच्या घरात पोर द्यायची नाही, असं सगळेच म्हणायचे. चुलीत पाणी शिरलं की घरातली बाई उपाशी, पेवात शिरलं की सगळं घर वर्षभर उपाशी. बापाच्या मनात दुसरं काही नसे. पण त्यामुळे नाल्याकाठचं एकूण एक घर आपली रेघ झाकायचं. पूर ओसरला की बायका आधी भिंती सारवत आणि मग भिजलेलं धान्य उन्हात घालत. आमच्या गावचे सगळे पूर असे सारवून टाकलेले होते. कोणाला विचाराल तर पाणी नेहमी शेजाऱ्याच्याच घरात शिरलेलं असायचं.

माझा मोठा भाऊ रमण लग्नाचा झाला तेव्हा जिभाऊंनी मधल्या घराला तीनदा चुना दिला. आमची रेघ मात्र चिवट निघाली. ओल आली की कोनाड्याखालून पुन्हा पिवळी होऊन वर यायची. एक स्थळ चहा पिऊन परत गेलं, दुसऱ्याने निरोपच पाठवला नाही. घरात कोणी काही बोलत नसे, पण माय जेवताना रमणभाऊच्या पानात तूप जरा जास्त वाढायला लागली, यावरून मला काय ते कळत होतं. तिसरं स्थळ शहाद्याकडचं आलं. मुलगी चांगली, घर चांगलं. जिभाऊंनी मुलीच्या वडिलांना शब्द दिला, "आम्हना दारशी पानी येस, पन तिसरी पायरीना वर आजपावत चढेल नही." त्यावर बोलणी पुढे सरकली.

मी तेव्हा नववीत होते, शहाद्याला मामांकडे राहून शिकत होते. आमच्या गावातून हायस्कुलात गेलेली मी पहिली मुलगी, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे. घरात सगळे अहिराणी बोलत, मी सुट्टीत येऊन मुद्दाम पुस्तकातलं मराठी बोले. "माय, मला भाकरी वाढ, भूक लागली आहे," असं मी म्हटलं की धाकटा भाऊ लोळून हसायचा. माय म्हणे, "बोलू दे तिले, मास्तरीन व्हई जाई." त्या नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा अंगणात हुसेनचाचा बसला होता. लग्न जवळजवळ ठरल्यातच जमा होतं, म्हणून वऱ्हाडासाठी गाद्या करायला जिभाऊंनी घरचा कापूस काढून दिला होता. चाचाचं काम पंचक्रोशीत नावाजलेलं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत खोगिरांच्या गाद्या भरायला त्यालाच बोलावणं यायचं. सकाळपासून अंगणात पिंजणीचा तो ढ्यांव ढ्यांव आवाज सुरू व्हायचा, कापसाचे तंतू तुळशीवर, म्हशीच्या पाठीवर, मायच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायचे, आणि माय आतून ओरडायची, "हुसेनभाई, आज पापडमा बी कापूस खावाडस का?" चाचा हसायचा. तंतूंनी त्याच्या भुवया कायम पांढऱ्या.

त्याच आठवड्यात गावात सरकारी बांधकामाचा ओव्हरसियर आला. नाल्याच्या काठाने मातीची पाळ घालायची होती, म्हणजे पुराचं पाणी गावात शिरणार नाही. पाळीत एक मोरी, आणि मोरीला बाहेरच्या बाजूने लोखंडी झडप. गावातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जाईल, पण बाहेरचं चढलं की झडप आपोआप मिटेल. पुण्याकडचा पंचविशीतला माणूस होता तो, डोक्यावर सोला हॅट, नाकावर उन्हाने सोललेली कातडी. तीन पायांवर दुर्बीण उभी करायचा आणि त्याचा मदतनीस, ज्याला तो खलाशी म्हणे, लांब जाऊन रंगीत खुणांची पट्टी धरून उभा राहायचा. मी विचारलं तर त्याने मला दुर्बिणीतून बघू दिलं. पट्टी उलटी दिसली. मी हसले, तोही हसला. म्हणाला, "हे सगळं सोपं आहे हो. अवघड एकच आहे. आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं ते कळायला हवं. त्याच्यावर तीन फूट पाळ बांधायची. ते पाणी कागदावर कुठेच नाही, लोकांच्या डोक्यात आहे." तो मला "तुम्ही" म्हणत होता. मला त्याआधी कोणीही "तुम्ही" म्हटलं नव्हतं.

दोन दिवस तो घरोघर विचारत फिरला. सगळ्यांनी आपापल्या रीतीप्रमाणे सांगितलं, म्हणजे पाणी शेजाऱ्याकडे होतं. एकट्या हुसेनचाचाने त्याला घरात नेऊन दाखवलं. त्याच्या आढ्याला पिंजण टांगायचा लोखंडी आकडा होता, तिथवर पाणी आलं होतं. पिंजाऱ्याला काय, त्यांच्यात अशी घरं बघायची रीत नव्हती, त्याला झाकायचं काही नव्हतं. ओव्हरसियरने आकड्याची उंची मोजून घेतली.

तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला, आणि नेमके त्याच दिवशी होणारे व्याही घर शेवटचं एकदा पाहायला आले होते. ते ओट्यावर लोडाला टेकून बसले होते. आत खापरावर मांडे चालू होते, वेलचीचा वास अंगणापर्यंत येत होता. चाचा अंगणात पिंजत होता. ओव्हरसियरने दुर्बीण लावली, जिभाऊंनी दाखवलेल्या तिसऱ्या पायरीवर पट्टी धरायला लावली, वहीत बघितलं, पुन्हा दुर्बिणीत बघितलं आणि म्हणाला, "पाटील, काहीतरी चुकतंय. तुम्ही म्हणता तिसरी पायरी. हा पिंजारी म्हणतो त्याच्या घरातला आकडा. तो आकडा तुमच्या पायरीहून साडेचार फूट वर येतो. पाणी एकाच गावात दोन उंचींना उभं राहत नाही. तो आकडा खरा असेल तर पाणी तुमच्या घरात पार आतपर्यंत गेलं असणार."

व्याह्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. जिभाऊ हसले, पण मला त्यांची मान दिसत होती, ती लाल झाली होती. "साहेब, तो गरीब मानूस शे. घाबरेल मानूसले पानी जास्ती दिसस."

पिंजणीचा आवाज थांबला. चाचा उठून उभा राहिला. "साहेब, आकडा लगून पानी व्हतं. मी खोटं कसाले बोलू?" एवढं म्हणून त्याने जिभाऊंकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं. त्याने आणखी एकच वाक्य बोलायचं होतं. "मी त्या दिवशी याच घराच्या माळ्यावर बसलो होतो," एवढंच. ते त्याच्या ओठांवर आलेलं मी बघितलं आणि त्याने ते गिळलेलंही बघितलं.

ओव्हरसियरने इकडेतिकडे पाहिलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्याचा चेहरा उजळला. "या सांगतील. तुम्ही शाळेत जाता. तेव्हा तुम्ही लहान होता, पण मुलांना अशा गोष्टी लख्ख आठवतात. पाणी कुठवर होतं हो?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आता इतक्या वर्षांनी मी पुष्कळ सबबी सांगू शकते. बाप समोर बसलेला, भावाचं लग्न टांगणीला लागलेलं, वय लहान. या सबबी खोट्या नाहीत. पण आणखीही एक होतं, आणि ते मला जास्त बोचतं. सगळ्या गावात तो शिकलेला माणूस माझ्या शब्दाची वाट पाहत थांबला होता, आणि मला ते आवडलं होतं. मी माझ्या पुस्तकी मराठीत, अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाले, "तिसऱ्या पायरीपर्यंतच होतं. मला नीट आठवतं. मी चौथ्या पायरीवर बसून कागदाच्या होड्या सोडल्या होत्या."

होड्या मला कोणी शिकवल्या नव्हत्या. जिभाऊंनी तर मला काहीच शिकवलं नव्हतं. तिसरी पायरी त्यांची होती, होड्या माझ्या स्वतःच्या. आणि होड्यांमुळेच त्याला पटलं.

"झालं," ओव्हरसियर म्हणाला. त्याने वहीत लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही, की खालच्या गल्लीतील पिंजारी याने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. मग चाचाकडे वळून म्हणाला, "सरकारी कामात असं वाढवून सांगायचं नसतं. उद्या पाळ उगाच उंच झाली असती." चाचाने मान खाली घातली. थोड्या वेळाने पुन्हा ढ्यांव ढ्यांव सुरू झालं. आत जेवायला पानं मांडली, मांडे आणि दूध होतं, व्याही पोटभर जेवले. मीही जेवले. मला अजून आठवतं, मी दोन मांडे खाल्ले.

असल्या गोष्टीला गावात पंख फुटतात. कोणी जरा वाढवून बोललं की चार माणसं म्हणायला लागली, "व्हई, व्हई, पिंजारीना आकडा लगून!" कोणी आपली म्हैस चार शेर दूध देते म्हणाला, की पिंजारीना आकडा लगून. युनूस शाळेत जाऊ लागला तर पोरं त्याला "आकडा" म्हणूनच हाक मारत. मी सुट्टीत ते ऐकायचे आणि घरात निघून जायचे. माझ्या भाच्याने मागे एकदा फोनवर बोलताना सहज तेच शब्द वापरले. तो शब्द कुठून आला हे त्याला ठाऊक नाही.

वैशाखात रमणभाऊचं लग्न झालं. शारदाभाबी घरात आली. मोठी हसरी, चटचटीत पोर. पाळीचं काम तेव्हा जोरात होतं. गाढवांवरून माती यायची, बायका घमेली वाहायच्या, धुम्मसाने माती ठोकणाऱ्यांचा हुंकार ओट्यावर ऐकू यायचा. एक दिवस भाबी मधलं घर सारवत होती. कोनाड्याशी हात थांबवून म्हणाली, "इंदूबाई, आठे लगून पानी येस ना?" मी दचकले. ती हसली. "मन्हा बाले पहिलाच दिवस दिसनं व्हतं. घर येऊन म्हनना, चुना नवा शे, रेघ जुनी शे. पन मानसं चांगला शेत. आम्हना घरमा काय पानी नही येस?"

म्हणजे त्या दिवशी ओट्यावर टेकून बसलेल्या माणसाला सगळं माहीत होतं. माझ्या वाक्याची कोणालाच गरज नव्हती. आणि पाळ अजून पुरी व्हायची होती. ओव्हरसियर रोज दुपारी आमच्या विहिरीवर पाणी प्यायला येत होता. चार पावलं चालून गेले असते आणि म्हटलं असतं, साहेब, मला चुकीचं आठवलं, तर पाळीवर आणखी थर पडले असते. त्या वेळी मला बापाची भीती नव्हती, लग्न मोडायची भीती नव्हती. त्याच्या नजरेतून उतरायची लाज होती, बस. ज्येष्ठाच्या शेवटी पाळीवर नारळ फुटला. ती आमच्या तिसऱ्या पायरीहून तीन फूट उंच होती. लोक तिच्यावरून फेरफटका मारायला जाऊ लागले.

पहिला पावसाळा कोरडाच गेला. दुसऱ्या वर्षी मी पोळ्यासाठी घरी आले होते. बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. गावात लख्ख ऊन होतं, पण डोंगराकडे दोन दिवसांपासून काळं होतं, आणि तापी भरून चालली होती. नाला चढू लागला. सगळे पाळीवर उभे राहून मजा बघत होते. मोरीची झडप धाडकन मिटली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या गल्लीतलं कोणी सामान हलवलं नाही. कशाला हलवतील? पाळ होती ना. दुपारी पाणी पाळीच्या माथ्यावरून एका जागी ओघळलं, बोटाएवढं. ओघळाने माती कापली. कोणीतरी ओरडलं, आणि पाळ पिंजाऱ्याच्या घरासमोर फुटली.

पूर्वीचं पाणी पायरी पायरीने चढत आलं होतं. हे एकदम आलं. हुसेनचाचाने आईबायकोला हाताला धरून कसंबसं वर ओढलं, युनूस आधीच पाळीवर पोरांत होता म्हणून वाचला. घर उभंच्या उभं विरघळलं. पिंजण, लोकांचा पिंजायला आलेला कापूस, दोन बकऱ्या, सगळं गेलं. कुंभारांची भट्टी गेली. माणूस कोणी दगावलं नाही. हे वाक्य मी कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आले आहे. पाणी आमच्या मधल्या घरात शिरलं आणि कोनाड्याच्या काठाशी, बरोबर जुन्या रेघेवर येऊन थांबलं. ते मी आणि माय, दोघींनी पाहिलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

आता तरी चाचाचा शब्द खरा ठरायला हवा होता. ठरला नाही. त्याचं घरच नव्हतं, तर आकडा कुठून दाखवणार? आणि गाव एका तोंडाने म्हणालं की असा पूर बापजन्मात आला नव्हता. पाळ फुटली म्हणून पाणी एवढं उसळलं, एरवी कुठे येतं? ओव्हरसियर जीपने आला, तोच, आता नाक आणखी काळवंडलेलं. तो चावडीत उतरला आणि तेच लिहू लागला. त्यालाही ते सोयीचंच होतं.

मायने मला शाळेच्या व्हरांड्यात भाकऱ्या द्यायला पाठवलं, तिथे खालच्या गल्लीतली माणसं होती. जैनबचाचीने भाकऱ्या घेतल्या. हुसेनचाचा भिंतीला टेकून बसला होता. पहिल्यांदाच त्याच्या भुवया काळ्या दिसल्या. मला रडू आलं. मी म्हटलं, "चाचा, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"माले म्हाईत शे, बेटा. तू, मी, आपुन एकच माळावर व्हतू. ओटावर याही बठेल व्हता म्हनीसन मी चूप ऱ्हायनू. तुन्हा बापना मान गया असता. आते लगीन व्हई गयं." मग त्याने हळूच विचारलं, "साहेब आयेल शे ना?"

"हो."

"मंग त्याले सांगी दे. घर गयं, ते गयं. पन त्या वहीमा मन्हं नाव खोटा म्हनीसन लिखेल शे, ते पुसाई दे. पोऱ्याले शाळामा आकडा म्हनतस, तो घर येऊन माले इचारस, अब्बा, तुम्ही खोटं बोलनात का?"

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

ओव्हरसियर तीन दिवस गावात होता. पहिल्या दिवशी जिभाऊ सारखे त्याच्याबरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी चावडीत गेले. त्याने खुर्ची पुढे केली, मॅट्रिकचा अभ्यास कसा चाललाय विचारलं, आणि तलाठ्याला म्हणाला, "ही मुलगी गावातली एकमेव साक्षीदार, जिने मला नेमकी माहिती दिली." मी अभ्यासाबद्दल बोलले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी जीप निघून गेली.

आठवड्याने चाचाने गाव सोडलं. नंदुरबारला त्याचा मेव्हणा होता. गाडीत दोन बोचकी, म्हातारी आई, जैनबचाची, युनूस. गाडी आमच्या दाराशी आली तेव्हा ओट्यावर जिभाऊ होते, रमणभाऊ होता, गावातले चारपाच जण बसले होते. चाचाने गाडी थांबवली आणि खाली उतरून जिभाऊंना सलाम केला. मग माझ्याकडे वळला. "काय बोलनं शे का, बेटा?"

ओट्यावरचे सगळे ऐकत होते. युनूस गाडीतून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणाले, "पाणी देऊ का, चाचा?"

"दे," तो म्हणाला. मी आत जाऊन तांब्या भरून आणला. त्या काळी आमच्या घरचं भांडं त्याच्या हातात द्यायची चाल नव्हती. तो वाकला, ओंजळ धरली आणि मी वरून धार धरली. त्याला खूप तहान लागली असावी. तो पीत राहिला, मी ओतत राहिले, अख्खा तांब्या रिकामा होईपर्यंत, आणि तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.